खडेबाजारातला गालिचा आणि माळावरची लोकर

घराच्या शोभेचा विचार आपल्याकडे आजवर बव्हंशी भिंतींच्या, देवळ्यांच्या आणि दारांच्या अंगाने झाला. पायाखालच्या जमिनीची निराळी चिंता कोणास करावी लागली नाही, कारण शेणाने सारवलेली जमीन रोज सकाळी नव्याने सिद्ध होत असे आणि तिच्यावर बसण्याउठण्यापुरते घोंगडे, पाहुण्यापुरती सतरंजी आणि लग्नकार्यापुरते जाजम एवढ्या तीन वस्तूंत गृहस्थाश्रमाची सारी गरज भागत असे. सारवणाच्या जागी शहाबादी फरशी आली, फरशीच्या जागी मोझेक आणि आता मोझेकच्या जागी आरशासारखी चकाकणारी व्हिट्रिफाइड टाइल आली, तेव्हा कोठे बेळगावच्या टिळकवाडी, हिंदवाडी किंवा कॅम्पातल्या नव्या घरांत राहणाऱ्यांच्या ध्यानी आले की ही गुळगुळीत जमीन आवाज शोषून घेत नाही, पावसाळ्यात पायाला गार लागते, दिव्याचा उजेड डोळ्यांवर परत फेकते, आणि दिवाणखाना कितीही सजवला तरी त्यात एक प्रकारचे रितेपण राहते. हाताने विणलेल्या, उठावाच्या पोताच्या, रेखाटनकाराने योजलेल्या गालिच्याची जी मागणी आज शहरोशहरी दिसते, तिचे मूळ निव्वळ हौसेत नसून या रितेपणात आहे असे माझे मत आहे, आणि म्हणून तिचा विचार नव्या श्रीमंतीचे एक खूळ म्हणून उडवून लावण्याजोगा नाही.

बेळगावात या मागणीचे दर्शन खडेबाजारात घडते. गावात खडेबाजार दोन आहेत, एक शहरातला आणि दुसरा शहापुरातला. पैकी शहापूर हे 1948 पर्यंत सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात मोडत असल्यामुळे तिथली पेठ आणि तिथल्या विणकरांचा कारभार हा इंग्रजी अमलाखालच्या बेळगावाहून वेगळा चालत असे, आणि शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ या भागांत मागाचा आवाज आजही ऐकू येतो, जरी तो आता हातमागापेक्षा यंत्रमागाचा अधिक असला तरी. म्हणजे ज्या पेठेच्या पाठीशी विणकरांची वस्ती पिढ्यानपिढ्या नांदली, त्याच पेठेत गालिचा मागावा तर दुकानदार जो उलगडून दाखवतो तो बहुधा पानिपतचा असतो, क्वचित भदोहीचा असतो, आणि पुष्कळदा कोणाच्याही हातांचा नसून पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याचा यंत्रावर निघालेला असतो. साडी विणणारे हात आणि गालिचा विणणारे हात यांचे कसब एक नव्हे, हे मान्य; परंतु या मुलखात जमिनीवर अंथरण्याच्या वस्तू विणणारे हातही होते आणि आहेत, हे सांगण्यासाठीच हा आढावा आहे.

प्रथम वस्तूची जात ओळखली पाहिजे, कारण "हाताने केलेला" या एका विशेषणाखाली बाजारात तीन-चार भिन्न वस्तू एकाच सुरात विकल्या जातात. पहिली जात गाठीच्या गालिच्याची: उभ्या मागावर ताणलेल्या ताण्याच्या प्रत्येक दोन धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ बांधायची, एक ओळ पुरी झाली की बाणा घालून पंजाने ठोकायची आणि मग वरची टोके कात्रीने सारखी करायची. इराणी गाठ एका धाग्याला पुरता वळसा घालून दुसऱ्याच्या नुसती मागून निघते, तुर्की गाठ दोन्ही धाग्यांना कवेत घेते. पहिलीने नक्षी बारीक उतरते, दुसरीने बळकटी येते. चौरस इंचाला 100 गाठी हे काही फार उंची काम नव्हे, तरी सहा फूट बाय नऊ फुटांच्या गालिच्यात त्या हिशेबाने 7 लाख 77 हजार 600 गाठी होतात, आणि कसबी विणकर दिवसाकाठी सात-आठ हजार गाठी बांधतो असे धरले तर एकट्या माणसाचे तीन महिन्यांहून अधिक काम त्या एका गालिच्यात बांधलेले असते. दुसरी जात सपाट विणीची, म्हणजे सतरंजी, दरी आणि किलिम यांची, जिच्यात बाणाच ताण्याला पूर्णपणे झाकून टाकतो आणि रंगाची सारी करामत आडव्या धाग्यानेच साधावी लागते. तिसरी जात टफ्टेड म्हणून ओळखली जाते: ताणलेल्या कापडात हातातल्या पिस्तुलवजा यंत्राने लोकर टोचत जायचे, आणि मागून रबराचा चीक फासून त्यावर दुसरे कापड चिकटवायचे. ही तिसरी वस्तू हाताने केलेली असते हे खोटे नाही, पण ती विणलेली नसते. चार-सहा वर्षांत चीक कोरडा पडून भुगा होऊ लागतो आणि त्याबरोबर लोकरही सुटू लागते.

ग्राहकाने करावयाची परीक्षा सोपी आहे, आणि खडेबाजारातल्या कोणत्याही दुकानात ती उभ्या उभ्या करता येते. गालिचा उलटा करावा. मागच्या बाजूस पुढची नक्षी गाठीगाठीने स्पष्ट दिसली तर तो गाठीचा. दोन्ही बाजू सारख्याच असतील तर सपाट विणीचा. आणि मागे नुसतेच कापड चिकटवलेले असेल तर दुकानदाराने लावलेल्या विशेषणांकडे दुर्लक्ष करून किंमत त्या मानाने ठरवावी. तसेच झालर ही ताण्याचीच शेवटची टोके असली पाहिजेत. वरून शिवलेली झालर ही यंत्रकामाची जवळजवळ खात्रीची खूण होय. "बांबू सिल्क" या नावाने जो झळाळणारा धागा दाखवतात तो बहुतकरून व्हिस्कोज असतो, त्याचे रेशमाशी काही नाते नाही, आणि पाणी सांडले की त्याचा डाग बसतो तो जन्माचा.

गालिच्याची परंपरा आमच्या या दक्षिण मुलखाला परकी आहे, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. तो इतिहासाला धरून नाही. वरंगळचे गालिचे 1851 सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडले गेले होते. विजापुरात आसार महालातले जुने गालिचे गोलघुमटाच्या नगारखान्यातल्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात, आणि ते काश्मिराकडून आलेले असले तरी आदिलशाही दरबारची अभिरुची त्यांवरून कळते. मराठी राज्यात तर फरासखाना हा अठरा कारखान्यांपैकी एक स्वतंत्र कारखाना होता, डेरे-राहुट्या, जाजमे, बिछायती यांचा साठा आणि हिशेब त्याच्याकडे असे. म्हणजे अंथरणे ही राज्यकारभारातली दखलपात्र बाब होती. इंग्रजी अमदानीत गालिचा तुरुंगात शिरला. आग्र्याच्या तुरुंगातल्या बंदिवानांनी विणलेला प्रचंड गालिचा 1894 मध्ये विंडसरच्या राजवाड्यातल्या वॉटर्लू दालनासाठी गेला, आणि आमच्या येरवड्याच्या तुरुंगातही गालिच्यांचे माग चालत. या तुरुंगकामाने कसब जिवंत ठेवले हे खरे, पण स्वस्त सक्तीच्या मजुरीने मुक्त विणकराचा भाव पाडला, हे त्याच गोष्टीचे दुसरे अंग आहे आणि ते विसरता कामा नये.

परंतु आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण बेळगावाहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. धारवाड जिल्ह्यातले नवलगुंद हे गाव जमखान्यांसाठी प्रसिद्ध असून तिथली सांगी अशी की मूळचे विणकर अलि आदिलशहाच्या काळात विजापुराकडून, लढाईच्या धामधुमीतून निघून, या गावात स्थिरावले. तिथे मागावर फक्त स्त्रिया बसतात, त्याही शेख सय्यद समाजाच्या. माग उभा, धागा सुती, आणि विणीत मोर, सारीपाटाचा पट आणि भूमितीच्या घट्ट आकृत्या. जमखाना, नमाजासाठी जायनमाज, आणि जनावराच्या पाठीवर घालायचा गुद्दार असे तीन प्रकार त्या विणतात. नवलगुंदच्या या दऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; तरीही विणणारी घरे कमी कमी होत चालली आहेत, कारण मानांकनाने नावाचे रक्षण होते, पोटाचे होत नाही. ज्याला आधुनिक घरासाठी ठसठशीत रंगाची, धुता येण्याजोगी, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी वस्तू हवी आहे, त्याने परदेशी किलिमच्या नकलेसाठी पैसे मोजण्यापूर्वी नवलगुंदचा जमखाना एकदा डोळ्यांखालून घालावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मात्र पोत म्हणून ज्याला म्हणतात, म्हणजे बोटाला लागणारा खडबडीतपणा, सावलीत बदलणारा पृष्ठभाग, धाग्याधाग्यात असणारी जाडीची तफावत, तो सुतात पुरेसा येत नाही. तो लोकरीतच येतो, आणि इथे आपण निपाणी, चिकोडी, रायबाग, कागल, हातकणंगले या पट्ट्यातल्या खऱ्या संपत्तीपाशी येतो. ही संपत्ती म्हणजे दख्खनी मेंढी. कमी पावसाच्या माळरानावर, मैलोगणती चालून, मिळेल त्या झुडपावर जगणारी ही जात. तिची लोकर काळी, करडी, तपकिरी, क्वचित पांढरी असते आणि स्पर्शाला राठ असते. मेरिनो मेंढीच्या तंतूचा व्यास सुमारे 20 मायक्रॉन भरतो, दख्खनीचा त्याच्या दुपटीहून अधिक भरतो. अंगाला लागणाऱ्या कपड्याच्या कामी हा दोष होय, पण ज्यावरून माणसे रोज चालणार त्या गालिच्याच्या कामी हाच गुण ठरतो, कारण जाड तंतू पायाखाली दबून पुन्हा उभा राहतो आणि मऊ तंतू कायमचा आडवा पडतो. गालिच्याची लोकर म्हणून जगभर जी निराळी जात मानतात तिची लक्षणे हीच आहेत. रंगाच्या बाबतीत तर निसर्गाने रेखाटनकाराचे अर्धे काम आधीच करून ठेवले आहे: काळा, राखी आणि तपकिरी हे जे न रंगवलेले, मातीशी जुळणारे वर्ण आजची घरे सजवणारी मंडळी मोठ्या कौतुकाने मागतात, ते या मेंढीच्या पाठीवर उपजतच आहेत, आणि ते उन्हाने फिके पडले तरी रंगासारखे पाण्यात सुटत नाहीत.

या लोकरीची आजवरची परिणती घोंगडे. मेंढरे वर्षातून दोनदा कातरायची, लोकर निवडून पिंजायची, घरच्या बायकांनी चरख्यावर सूत काढायचे, मग सणगरांनी, धनगरांनी किंवा कुरुबरांनी खड्ड्याच्या मागावर धोटा मारीत पट्टी विणायची. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने लावायची, म्हणजे धागा ताठ राहतो आणि विणल्यावर घोंगड्यास पाऊस झेलण्याची ताकद येते. माग हाताच्या आवाक्याएवढाच रुंद, म्हणून घोंगडे दोन पट्ट्या जोडून पुरे होते, आणि त्याचे माप आजही हातांत सांगतात. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीचे, म्हणजे जावळाचे, घोंगडे सर्वांत मऊ आणि सर्वांत मोलाचे. विणण्याऐवजी लोकर भिजवून, मळून, दाबून केलेले जेन हा याच कुळातला दुसरा प्रकार; जुन्या काळी पेढीवरच्या बैठकीखाली ते असे, आणि आज नमद्याच्या नावाने काश्मीर-राजस्थानची जी वस्तू कौतुकाने घेतली जाते तिच्याशी त्याचे सख्खे नाते आहे.

घोंगड्याला या भागात नुसते व्यवहाराचे नव्हे तर श्रद्धेचे स्थान आहे, आणि ते ध्यानात घेतल्याशिवाय या धंद्याची घडण कळत नाही. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. निपाणीजवळच्या कुर्ली-आप्पाचीवाडीचा हालसिद्धनाथ असो, रायबाग तालुक्यातली चिंचलीची मायाक्का असो, या यात्रांना जमणारा धनगर समाज हाच घोंगड्याचा कर्ता आणि हाच त्याचा पहिला गिऱ्हाईक. देवापुढे घोंगडे अंथरले की बैठक शुद्ध झाली, लग्नात बाशिंगाइतकाच घोंगड्याला मान, भाकणूक ऐकायची तीही घोंगड्यावर बसून. निपाणीच्या तंबाखूच्या रानात किंवा उसाच्या खोडव्यात मेंढरे बसवली की लेंडीखताच्या मोबदल्यात धनगराला धान्य आणि पैसा मिळे, आणि लोकर ही त्या साऱ्या उलाढालीत हाती येणारी एक जादा जिन्नस असे. धंदा असा चहूबाजूंनी आधारलेला होता. त्यातले आधार एकेक सुटत गेले. रासायनिक खत आले, माळ लागवडीखाली आले, चराईच्या वाटा अडल्या, गिरणीचे स्वस्त ब्लँकेट आठवडे बाजारात पोचले, आणि सर्वांवर कडी म्हणजे मटणाचा भाव चढला तसा धनगराने मांसाला भारी पण लोकरीला हलक्या अशा जातींचा संकर पत्करला. त्याला दोष देता येत नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक भरू लागल्यावर लोकर बांधावर टाकून द्यावी लागते, आणि तशी ती टाकून दिली जाते, हे या पट्ट्यात हिंडणाऱ्या कोणासही दिसेल.

आता प्रश्न असा की घोंगड्याचा गालिचा होईल काय. जसेच्या तसे होणार नाही, हे प्रथम स्पष्ट सांगितले पाहिजे. घोंगडे भिंतीवर टांगून किंवा टाइलवर पसरून आपण परंपरा जपली असे समाधान मानणारे पुष्कळ आहेत, पण घोंगडे पातळ असल्यामुळे टाइलवर घसरते, खुर्चीच्या पायाखाली झिजते, आणि मधल्या शिवणीवर फाटते. गालिच्यासाठी दोन किंवा चार पदरांचे जाड सूत, घट्ट सुती ताणा, पंजाने ठोकलेला बाणा आणि रुंद माग पाहिजे. जाड सपाट विणीचा सहा फूट बाय नऊ फुटांचा गालिचा दहा-बारा किलो लोकर खातो. दख्खनी मेंढी वर्षाकाठी अर्धा ते एक किलो लोकर देते आणि धुण्यात-पिंजण्यात तिच्यातली बरीच घटते, तेव्हा एका गालिच्यामागे वीस-पंचवीस मेंढरांची वर्षाची लोकर लागते असा ढोबळ हिशेब मांडता येईल. हे गणित निराशेचे नसून आशेचे आहे, कारण जी लोकर आज बांधावर कुजते तिला यातून भाव येऊ शकतो. अडचण विणण्यापेक्षा विणण्याआधीच्या कामात अधिक आहे: कुसळे आणि गोखरू काढणे, लोकरीतला चिकटा आणि वास जाईल पण तेज जाणार नाही इतपतच धुणे, रंगवार निवड करणे, आणि या राठ तंतूला न तोडता पिंजणे. ही सोय तालुक्याच्या ठिकाणी नाही म्हणून लोकर बिकानेर-पानिपतच्या वाटेला लागते, किंवा लागतच नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाचे मेंढी व शेळी विकास महामंडळ महाराष्ट्रात 1978 पासून आहे, कर्नाटकातही तशा यंत्रणा आहेत. पण धनगराचा कळप कागलातून निपाणीत आणि निपाणीतून पुन्हा कागलात चरत जातो, आणि योजनांचे कागद मात्र 1956 साली ठरलेल्या सीमेपाशी थांबतात. एकच मेंढी, एकच लोकर, एकच कसब, आणि दोन राज्यांची दोन दफ्तरे, या व्यवस्थेत कोणा एकाच्याही पदरी पुरे काम पडत नाही, ही मला या प्रश्नातली सर्वांत खेदाची बाब वाटते.

खादीच्या चळवळीने या भागात एकदा अशी सोय उभी करून दाखवली होती. 1924 च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. पुढे 1937 च्या एप्रिलात गांधीजी याच भागातल्या हुदली या खेड्यात गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी राहिले, आणि 1954 मध्ये त्याच हुदलीत खादी-ग्रामोद्योगाची उत्पादक संस्था निघाली, ती आजही चालू आहे. सुतासाठी जे एका खेड्यात झाले ते लोकरीसाठी दुसऱ्या खेड्यात होणार नाही, असे मानण्यास आधार नाही. अलीकडे काही कल्पक तरुण मंडळी दख्खनी लोकर विकत घेऊन तिच्यापासून गालिचे, बैठकी, जेन करवून घेऊ लागली आहेत, आणि त्यांचे काम पाहिल्यावर माझा हा विश्वास अधिक दृढ झाला आहे.

चिंध्यांच्या सतरंज्या आणि वाकळी यांचाही इथे उल्लेख केला पाहिजे. खानापूर-हल्याळच्या जंगलपट्टीतल्या सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे टाक्याटाक्यांनी जोडून जी कवंदी शिवतात तिचा पोत आणि रंगमेळ कोणत्याही रेखाटनकाराने शिकावा असा आहे. मात्र ती पांघरण्याची वस्तू आहे, तिला पायाखाली घालू नये, हे माझे मत मी बदलणार नाही.

मजुरीविषयी दोन शब्द. गाठीच्या गालिच्याच्या धंद्यात मुलांच्या कोवळ्या बोटांचे कारण सांगून बालमजुरी दीर्घकाळ चालली, आणि तिच्याविरुद्ध 1994 मध्ये रगमार्क हे चिन्ह सुरू झाले, जे आज गुडवीव्ह या नावाने ओळखले जाते. भदोहीचा किंवा नेपाळचा माल घेताना हे चिन्ह मागणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे, आणि दुकानदाराने त्यास त्रासिक उत्तर दिले तर तो माल सोडणे हेही.

घरात आणल्यावरचा विचार. गालिचा खोलीच्या मानाने लहान घेण्याकडे आपला कल असतो, आणि त्याने खोली अधिकच तुटक दिसते. निदान सोफ्याचे पुढले पाय त्यावर यावेत एवढे माप असावे. पोत ठसठशीत असेल तर नक्षी थोडी असावी, कारण दोन्ही एकाच वेळी बोलू लागली की डोळा थकतो. बेळगावच्या पावसाळ्यात हवा महिनोन्महिने ओली असते, म्हणून आषाढ-श्रावणात लोकरीचा गालिचा जमिनीवर न ठेवता नक्षी आत घेऊन गुंडाळावा, घडी मात्र कधीच घालू नये, आणि आत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. कसर ही लोकरीची खरी शत्रू आहे आणि ती अंधाऱ्या, न हलवलेल्या जागीच लागते. नवी लोकर पहिले काही महिने झडते, ते दोषाचे लक्षण नव्हे. व्हॅक्यूम हलका चालवावा, झालरीवरून चालवू नये, आणि सहा-सहा महिन्यांनी गालिचा अर्धा फिरवावा, म्हणजे दारासमोरची बाजू एकटीच झिजत नाही.

विणकराकडून थेट करवून घ्यायचा असेल तर कातरणीचे दिवस जाणून घेऊन त्याआधी सांगावा द्यावा, कारण नंतर हवा तो रंग एकाच कळपाचा मिळत नाही. माप मागाच्या रुंदीला धरून ठरवावे, जोड कोठे येईल ते आधी कागदावर काढून घ्यावे, आणि एक हातभर नमुना विणवून, तो धुऊन, आपल्याच घरच्या उजेडात पाहून मगच होकार द्यावा. लोकर रोखीने घ्यावी लागते, तेव्हा निम्मी रक्कम आगाऊ दिलीच पाहिजे. आणि ठरल्याहून पंधरा दिवस उशीर झाला तर त्याबद्दल किंमत कापू नये, कारण पावसाच्या दिवसांत खळ लावलेला ताणा वाळत नाही आणि माग बंद ठेवावा लागतो.